महिलांची जागतिक आइस हॉकी स्पर्धा: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात मुलामुलींना चाकांचं स्केटिंग आणि रोलर हॉकी शिकवते. एकदा पाऊस लागून राहिला म्हणून वर्ग भरला नाही, तेव्हा मुलींना लॅपटॉपवर महिलांच्या आइस हॉकीचा एक सामना दाखवला. तेव्हापासून हा खेळ आमच्याकडे मुक्कामालाच आला. मुली प्रश्न विचारतात, त्यांना न्यायला आलेले आई-बाबा विचारतात, एका मुलीचे आजोबा तर दर आठवड्याला नवा प्रश्न घेऊन येतात. ते फुटबॉलवाले, जन्म शिवाजी पेठेतला. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

ही स्पर्धा म्हणजे नेमकं काय?

आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ भरवतो ती महिलांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. देशांचे राष्ट्रीय संघ खेळतात. सगळ्यात वरच्या गटात दहा संघ असतात. त्याखाली आणखी श्रेणी आहेत. खालून जिंकणारा वर चढतो, वरून हरणारा खाली उतरतो. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या फुटबॉलमध्ये वरिष्ठ गटात टिकायला संघ कसे जिवाचं रान करतात, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ही उतरंड वेगळी समजवायला लागत नाही.

या दहांचे पाच-पाचचे दोन गट पाडतात. पहिल्या गटात वरच्या क्रमांकाचे पाच, दुसऱ्यात बाकीचे. पहिल्या गटातले पाचही संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात आणि दुसऱ्यातले पहिले तीन. पहिल्यांदा ऐकलं की अन्याय वाटतो. पण सुरुवातीलाच कॅनडासमोर नवखा संघ उभा केला तर पंधरा-शून्य असे निकाल लागतात, आणि त्यात कुणाचाच खेळ होत नाही. तुल्यबळ जोड लावायची ही खासबागेतल्या कुस्तीची रीत इथेही आहे, असं समजा.

कधीपासून सुरू आहे?

१९८७ मध्ये टोरंटोला एक अनधिकृत स्पर्धा झाली. महासंघाची मान्यता असलेली पहिली स्पर्धा १९९० मध्ये कॅनडातल्या ओटावाला झाली. आठ देश आले होते. कॅनडाच्या मुलींना चक्क गुलाबी जर्सी दिली होती, आणि त्याच जर्सीत त्यांनी अंतिम सामन्यात अमेरिकेला ५-२ असं हरवलं. अँजेला जेम्सने त्या स्पर्धेत ११ गोल केले. ऑलिंपिकमध्ये महिलांची आइस हॉकी यायला मात्र १९९८ उजाडलं. ते नागानोला, जपानमध्ये. तिथलं पहिलं सुवर्ण अमेरिकेचं.

आपल्या हॉकीत आणि यात फरक काय?

मेजर ध्यानचंद स्टेडियमवर जी हॉकी खेळतात तिच्याशी याचं नातं नावापुरतं आणि स्टिकपुरतं. इथे एका बाजूला सहाच जणी: एक गोलकीपर, दोघी बचावाला, तिघी पुढे. रिंक साधारण ६० मीटर लांब, कोपरे गोल, आणि चारी बाजूंनी कठडा. चेंडू बाहेर गेला, खेळ थांबला, असं सहसा होत नाही. कठड्यावर आपटून तो परत येतो आणि खेळ तसाच पुढे चालू राहतो. गोलच्या मागेही मोकळी जागा असते, तिथूनही डाव रचतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, आणि शिट्टी वाजली की घड्याळ थांबतं. त्यामुळे वेळ काढायची चाल इथे चालत नाही.

चेंडूऐवजी ती काळी चकती कसली?

तिला पक म्हणतात. कडक केलेल्या रबराची असते. व्यास ७.६२ सेंटिमीटर, जाडी २.५४ सेंटिमीटर, वजन १५६ ते १७० ग्रॅम. म्हणजे क्रिकेटच्या लेदर बॉलच्या आसपास.

माझ्याकडे एक आहे, नात्यातल्या एकाने परदेशातून आणून दिलेला. सामन्याआधी पक गोठवून ठेवतात, कारण रबर गार असलं की उसळत नाही, बर्फावरून सपाट सरकतं. हे मुलींना नुसतं सांगून पटेना. म्हणून मी तो रात्रभर घरच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवला आणि सकाळी कापडात गुंडाळून वर्गावर नेला. आधी गारगार असताना फरशीवर टाकला, तर धप्प करून पडून राहिला. मग तासभर उन्हात ठेवून त्याच उंचीवरून टाकला, तर टुणकन उडून एकीच्या पायावर गेला. त्या दिवसापासून सामन्यात नवा पक आत आला की मुली एकमेकींना सांगतात, "गार हाय बघ तो."

खेळाडू सारख्या आत-बाहेर का करतात? दमतात का इतक्यात?

हो, दमतात. पाऊण मिनिट जीव तोडून स्केटिंग केलं की पाय भरून येतात. म्हणून पाच जणींची एक तुकडी साधारण पाऊण मिनिट खेळते, कठड्यावरून बाहेर येते आणि दुसरी तुकडी उडी मारून आत जाते. हे सगळं खेळ न थांबवता. खो-खोत "खो" मिळाल्यावर पाटीवरची मुलगी जशी क्षणात उठते, तसं. नव्या प्रेक्षकाने पहिला सामना बघताना पकमागे डोळे न पळवता फक्त हे आत-बाहेर बघावं. कोणता संघ शिस्तीचा आहे ते दहा मिनिटांत कळतं. बदली करताना चुकून गोलकीपर सोडून सहावी खेळाडू बर्फावर राहिली तर शिक्षा होते.

शिक्षा म्हणजे ते पेटीत बसवतात ते?

तेच. समोरचीला स्टिकने अडवलं, पाय घातला, ओढून धरलं, की दोन मिनिटं बाहेर. तेवढा वेळ तिचा संघ एक कमी खेळतो. याला समोरच्या संघाला पॉवर प्ले मिळाला असं म्हणतात. दोन मिनिटांत गोल बसला तर पेटीतली खेळाडू लगेच परत येते. मोठ्या गुन्ह्याला पाच मिनिटं, आणि त्यात गोल बसला तरी सुटका नाही.

आजोबांना हा नियम फार आवडला. त्यांचं म्हणणं, फुटबॉलमध्ये एकतर पिवळं दाखवून सोडून देतात नाहीतर लाल दाखवून अख्खा सामना बिघडवतात. ही मधली शिक्षा शहाण्यासारखी आहे. मलाही तसंच वाटतं. एक खेळाडू कमी असताना चौघी जणी चौकोन करून गोल राखतात, अंगावर पक झेलतात, ती दोन मिनिटं मला गोलपेक्षा जास्त आवडतात.

ऑफसाइड कळत नाही.

बर्फावर दोन निळ्या रेषा असतात. समोरच्यांच्या बाजूच्या निळ्या रेषेपलीकडे आधी पक गेला पाहिजे, मग तुम्ही. तुम्ही आधी गेलात तर ऑफसाइड. फुटबॉलपेक्षा सोपं आहे, रेष जागची हलत नाही. दुसरी एक शिट्टी ऐकू येते ती आयसिंगची: संकटातून सुटायला आपल्या अर्ध्यातूनच पक थेट समोरच्या गोलरेषेपार भिरकावून दिला, तर तो पुन्हा तुमच्याच गोलजवळ आणून खेळ सुरू करतात. शिक्षेमुळे एक कमी खेळत असाल तर मात्र भिरकावायची मुभा.

मुलींना लागत नाही का? धडकाधडकी बघून भीती वाटते.

हा प्रश्न आया विचारतात, आणि विचारायलाच हवा.

पुरुषांच्या सामन्यात समोरच्याला अंगाने धडक देऊन पाडणं हा खेळाचा मान्य भाग आहे. महिलांच्या जागतिक स्पर्धेत तशी सरळ धडक चालत नाही. पक मिळवायला खांद्याला खांदा भिडतो, कठड्याला रेटारेटी होते, पण पकचा विचार न करता नुसतं माणूस पाडायला गेलात की पेटी. चेहरा पूर्ण झाकणारी जाळी किंवा काच सगळ्यांना सक्तीची. शिवाय खांदे, कोपर, नडगी, गळा यांना वेगवेगळं कवच असतं. तरी लागतं. पडल्यावर मनगट दुखावतं, गुडघा मुरगळतो, डोक्याला मार बसला तर तो गंभीरपणे घ्यावा लागतो. कुस्तीतही लागतं आणि कबड्डीतही. काहीच लागणार नाही असं मी कुठल्याही पालकाला सांगत नाही. पडायचं कसं हे आधी शिकवते. माझ्या वर्गात पहिला आठवडा फक्त पडणं आणि उठणं असतं.

दर वेळी कॅनडा नाहीतर अमेरिका जिंकते. मग बघायचं कशाला?

खरं आहे. २०२५ पर्यंत २४ स्पर्धा झाल्या. त्यातल्या १३ कॅनडाने जिंकल्या, ११ अमेरिकेने. तिसऱ्या कुणाचं नावच नाही. पण त्या दोघींमधलं अंतर बघा. २०२४ मध्ये युटिकाला अंतिम सामना कॅनडाने जादा वेळेत ६-५ असा जिंकला. २०२५ मध्ये झेक प्रजासत्ताकातल्या चेस्के बुडेयोविसला अमेरिकेने ४-३, पुन्हा जादा वेळेतच. आपल्याकडे फुटबॉलमध्ये पाटाकडील आणि प्रॅक्टिस या क्लबांचा सामना वर्षानुवर्षं त्याच दोन संघांचा असतो म्हणून शाहू स्टेडियम कधी रिकामं राहिलंय का? माहीत असलेल्या दोघांचीच झुंज जास्त रंगते, कारण मागचं उट्टं काढायचं असतं.

आणि एकदा तिसरी दारात पोचली होती. २०१९ ची स्पर्धा फिनलंडमध्ये एस्पोला होती, राजधानी हेलसिंकीला लागूनच. उपांत्य सामन्यात फिनलंडने कॅनडाला ४-२ असं हरवलं. अंतिम फेरीत उत्तर अमेरिकेबाहेरचा संघ येण्याची ती पहिलीच वेळ. अमेरिकेशी १-१ बरोबरी झाली, जादा वेळ सुरू झाला, आणि पेत्रा निएमिनेनने गोल केला. फिनलंडच्या मुलींनी हेल्मेट, हातमोजे हवेत फेकले, सगळ्या एकमेकींच्या अंगावर. घरचं मैदान, सगळे उभे. मग पंचांनी व्हिडिओ बघायला घेतला. बराच वेळ बघितला. गोलकीपरला अडथळा झाला म्हणून गोल रद्द. मुलींनी बर्फावरचे हातमोजे शोधून परत घातले आणि खेळायला उभ्या राहिल्या. शेवटी शूटआउटमध्ये अमेरिका जिंकली.

हा भाग मी वर्गाला दाखवला तेव्हा एक मुलगी रडली. मी तिला गप्प केलं नाही. ते हातमोजे पुन्हा घालणं मला आजही डोळ्यांसमोर दिसतं.

या खेळाडूंना पैसे मिळतात का?

फार काळ मिळत नव्हते. सुवर्णपदक जिंकणाऱ्या बायका दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करायच्या. २०१७ ची स्पर्धा अमेरिकेतच, मिशिगनमधल्या प्लिमथला होती. आपल्याच देशात, आणि त्या गतविजेत्या. तरी अमेरिकेच्या संघाने सांगितलं, योग्य मानधन आणि सोयी मिळत नसतील तर आम्ही खेळणार नाही. स्पर्धेला तीन दिवस उरले असताना करार झाला. मग त्या खेळल्या आणि अंतिम सामन्यात कॅनडाला जादा वेळेत ३-२ असं हरवून जिंकल्याही. जानेवारी २०२४ पासून उत्तर अमेरिकेत महिलांची व्यावसायिक लीग सुरू आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॉन्ट्रियलला एका सामन्याला २१,१०५ प्रेक्षक होते.

भारताचा संघ आहे का?

आहे! हे उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं.

जागतिक स्पर्धेत आपण अजून खेळत नाही, पण आशियाई पातळीवर २०१६ पासून भारताच्या मुली उतरतात. बहुतेक सगळ्या लडाखच्या. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर. हिवाळ्यात तलाव गोठतात, लोक रात्री पाणी ओतून बर्फ सपाट करतात आणि त्यावर खेळतात. नैसर्गिक बर्फ जेमतेम दोन महिने टिकतो. बाकी दहा महिने चाकं, धावणं आणि वाट बघणं. पहिल्या वर्षी तैपेईला सगळे सामने हरल्या. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ असं हरवून पहिला विजय मिळवला, आणि त्या प्रवासाचा खर्च लोकांनी वर्गणी काढून उभा केला होता.

हे वाचलं तेव्हा मला आपले खाशाबा आठवले. गोळेश्वरचे खाशाबा जाधव आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली आणि प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तिथून खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वर्गणीवर परदेशी गेलेल्या खेळाडूचं मोल काय असतं ते या जिल्ह्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. म्हणूनच मला वाटतं, लडाखच्या या मुलींचं कौतुक सगळ्यात आधी कोल्हापुराने करायला हवं.

आणि जून २०२५ मध्ये अल ऐनला महिला आशिया कपात त्यांनी कांस्य आणलं. हे पदकही कांस्यच.

देशात बर्फाचं रिंक आहे कुठे?

डेहराडूनला आंतरराष्ट्रीय मापाचं बंदिस्त रिंक आहे. २०११ मध्ये बांधलं, मग बरीच वर्षं बंद पडून होतं, २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. लेहलाही रिंक आहे. कोल्हापुरात नाही.

मग माझ्या मुलीने इथे शिकून उपयोग काय?

"मॅडम, बर्फ आणायचा कुठनं?" असं एका वडिलांनी विचारलं होतं. उपयोग आहे, आणि तो मी मनापासून सांगते.

आइस स्केटच्या पात्याची जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास असते आणि त्याला खालून बारीक खोबण असते, म्हणजे दोन धारा. वळणं, थांबणं, वेग घेणं, सगळं या धारांवर. इनलाइन स्केट, म्हणजे एका रेषेत चाकं असलेले, त्याच्या सगळ्यात जवळचे. गुडघे वाकवून खाली बसणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकणं, मान वर ठेवून स्टिकवर खेळवणं, हे चाकांवर शिकलं की बर्फावर निम्मं काम झालेलं असतं. उरलेलं निम्मं म्हणजे थांबणं. बर्फावर दोन्ही पाय आडवे करून पातं घासत थांबतात, बर्फाचा भुगा उडतो. चाकांवर तसं करायला गेलात तर तोंडावर पडाल. ते बर्फावरच शिकावं लागतं.

लहान मुलीला सुरुवात चार चाकांच्या, म्हणजे क्वाड स्केटवर करू द्या, तोल लवकर येतो. एकदा आवड पक्की झाली की इनलाइन. पहिल्याच दिवशी महागडे स्केट घेऊ नका, पाय वाढतो. पैसे आधी हेल्मेट आणि मनगटाच्या गार्डवर घाला.

मुलींचे संघ इतके कमी का?

मुली कमी नाहीत. संधी कमी पडते, आणि मग मुली कमी दिसतात.

काही वर्षांपूर्वी मी सात मुली घेऊन दुसऱ्या शहरात एका रोलर हॉकी स्पर्धेला गेले होते. पहाटेची एसटी, डबे बांधून. तिथे गेल्यावर कळलं की मुलींच्या प्रवेशिका पुरेशा आल्या नाहीत म्हणून मुलींचा गट रद्द केलाय. आम्हाला आधी कुणी फोन केला नव्हता. मुली स्टिकच्या पिशव्या खांद्याला लावून दिवसभर मुलांचे सामने बघत बसल्या. परतीच्या गाडीत कुणी बोललं नाही. सातपैकी दोघी पुढच्या महिन्यात आल्याच नाहीत. त्या दोघींचं मला अजून वाईट वाटतं.

नेमबाज तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत याच शहरातून जगापर्यंत गेल्या. त्यामुळे आपल्या पोरींकडून होईल का, हा प्रश्न कोल्हापुरात कुणी विचारू नये. स्पर्धा भरवणाऱ्यांनी चार संघ आले तरी मुलींचा गट खेळवावा, तीन आले तरी खेळवावा. १९९० ला ओटावातसुद्धा आठच संघ होते.

दहावीचं वर्ष आहे, बंद करू का?

पूर्ण बंद करू नका. आठवड्यातून दोन दिवस, एक-एक तास. पूर्ण थांबलेल्या मुली परत येत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

आपल्याकडे सामने किती वाजता दिसतात?

स्पर्धा कुठे आहे त्यावर. मध्य युरोपात उन्हाळी वेळ सुरू असेल तर आपण साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथला दुपारी तीनचा सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला. टोरंटो किंवा मॉन्ट्रियलला असेल तर उन्हाळी वेळेत साडेनऊ तासांचा फरक. तिथला संध्याकाळी सातचा सामना इथे पहाटे साडेचारला. कोल्हापूरकरांना ती वेळ अवघड नाही. तालमीतली पोरं तेव्हा उठलेलीच असतात.

सगळ्यांनी मिळून बघायचं ठरलं तर?

अंतिम सामना आम्ही दर वेळी एकत्र बघतो. मुलींबरोबर आई, आजी, भाऊ, कुणीही चालतं. सामना पहाटेचा असेल तर संपल्यावर गंगावेशला दूध प्यायला जातो. येताना बसायला सतरंजी आणा, आणि लहान मुलींना रात्री लवकर झोपवा. पक मी आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवते. ज्यांनी अजून हातात घेतला नाही त्यांनी थोडं आधी या, सामना सुरू होईपर्यंत तो गरम होतो.